डबल बेल

४ नोव्हेंबर

आज कॅमेरा घरी आला. जुना आहे. कोपऱ्यांवरचा रंग उडालाय, लेन्स एकच, तीही अगदी साधी. स्टुडिओवाल्या काकांनी स्वतःच्या कपाटातून काढून दिला आणि म्हणाले, "शिकायला पुरे. फोटो वाईट आला तर कॅमेऱ्याला नावं ठेवायची नाहीत, एवढं कबूल कर." मी कबूल केलं.

शिकवण्यांची सगळी कमाई त्यात गेली. आई म्हणाली, "भूगोलात पदवी घेतली ती सूर्याचे फोटो काढायला का?" बाबा शिवणयंत्रावर वाकलेले होते. त्यांनी मान वर न करता "काढू दे की" म्हटलं आणि कॉलर उलटवली.

खरं कारण फक्त इथे लिहिते, कारण मोठ्याने सांगितलं तर हसतील. मला आत्याला उठवायचं आहे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जिन्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. हाड जुळलंय. डॉक्टर म्हणतात, आता चालायलाच हवं, नाहीतर पायातला जोर जाईल तो कायमचा. पण ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते. ज्या बाईने सगळी नोकरी उभ्याने केली, ती!

आत्या बसवर कंडक्टर होती. पहाटेची पहिली गाडी तिची. लग्न केलं नाही. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, पण ती पदवी तिने फाडलेल्या तिकिटांवर उभी आहे, हे मी कधी विसरणार नाही. मी झोपेत असायची तेव्हा ती अंधारात निघून जायची. गाव ओलांडलं की तळ्याच्या बांधावर मोठं वळण लागतं. तिथे गाडी पोचते तेव्हा थंडीत बरोबर सूर्य उगवतो. म्हणजे आत्याने हजारो सूर्योदय पाहिले असणार! आणि आता तिच्या समोर काय, तर भिंत.

तिला जाता येत नाही, तर मी सूर्योदय तिच्याकडे आणेन. तो बघून तिला उठावंसं वाटेल. माझी खात्री आहे.

६ नोव्हेंबर

पहिला दिवस. बाबांनी स्कूटरवरून वळणावर सोडलं. काळोख, गार वारा, तळ्यावर एक बगळा. मग पूर्वेला आकाश करडं झालं, मग गुलाबी. असा गुलाबी रंग असतो हे मला माहीतच नव्हतं. मी भान हरपून बघत राहिले आणि फोटो काढायचा राहूनच गेला. भानावर आले तोवर सूर्य वर आला होता. घाईघाईने बटण दाबत सुटले.

एवढ्यात पहिली गाडी आली आणि नेमकी माझ्यासमोर थांबली! तिथे थांबा आहे, तो मागे झाडाखाली. ही पुढे येऊन ऐन वळणावर उभी. तिचं सगळं धूड माझ्या लेन्समध्ये. जरा वेळाने टिंगटिंग झालं आणि गेली.

घरी येऊन आत्याला दाखवले. जमीन काळी ठार आणि मधोमध पांढरं भोक.

"हे काय आहे?" आत्या.

"सूर्य."

"मला वाटलं बुबुळाचा एक्स-रे."

मग मी गाडीची तक्रार केली. आत्याने भिंतीकडे वळवलेलं तोंड परत माझ्याकडे केलं. "वळणावर थांबली? थांब्यावर नाही?"

"वळणावर. सगळी फ्रेम घालवली."

"हं," ती म्हणाली. माझं मन राखायला चौकशी करत असणार बिचारी.

९ नोव्हेंबर

स्टुडिओवाल्या काकांनी सांगितलं: सूर्य यायच्या आधी पोच आणि आल्यावर लगेच पळू नकोस. कॅमेऱ्याला आकाशाचा उजेड मोजायला लाव, म्हणजे सूर्याचं भोक होणार नाही. सगळं केलं. पण उबेतून बाहेर काढल्याबरोबर लेन्सवर वाफ धरली. सूर्योदय झाला तो माझ्या ओढणीच्या टोकाने काच पुसण्यात.

गाडी आज परत वळणावर थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पिकलेले केस, जाड भुवया, बोलणं त्यांच्या गाडीइतकंच सावकाश. गावात सगळे त्यांना गोगलगाय म्हणतात.

"तू मास्तरांची भाची ना? नाक तेच आहे."

कंडक्टरला मास्तर म्हणायची रीत आहे, पण आत्याला कुणी मास्तर म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. फार छान वाटलं.

"कशा आहेत मास्तर?"

"पडून असतात. चालत नाहीत."

ते तळ्याकडे बघत राहिले. मी विचारलं, "काका, गाडी इथे का थांबवता?"

"इंजिन तापतं गं. चढ आहे ना मागे."

मागची कंडक्टर, तरुण मुलगी आहे, ओरडली, "अहो, चला की! कारखान्याची माणसं मला बोलतात." आणि टिंगटिंग. आत्या लहानपणी मला शिकवायची: एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. डबल बेल मिळाल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी इंचभरही हलवायची नाही. ड्रायव्हर कितीही मोठा असो, गाडी सोडायची की नाही हे दोरी हातात असलेला माणूस ठरवतो. मला तेव्हा आत्या राणी वाटायची.

हे सगळं आत्याला सांगितलं. "इंजिन तापतं म्हणाला?" तिने विचारलं.

"हो. पण आत्या, गाडी तर नवी कोरी आहे. यंदाच आली."

आत्या हसली. पडल्यापासून पहिल्यांदा, अगदी आवाज करून. आजच्या धुरकट फोटोंत एक बगळ्याचा होता, जरा बरा. तो आवडला असावा.

१३ नोव्हेंबर

तिपाई घ्यायला पैसे नाहीत, म्हणून बाबांनी एक पिशवी शिवून दिली. पँटच्या उरलेल्या कापडाची, दुहेरी शिवण, आत वाळू. बांधाच्या कठड्यावर ती ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा, मग हलत नाही. बटण दाबतानाही धक्का बसतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. बाबांनी पिशवीला हातात धरायला नाडीसुद्धा लावली आहे. माझ्या बाबांसारखं टाचणीच्या टोकापर्यंत नेटकं काम करणारा माणूस मी पाहिला नाही.

आणि आज जमलं! पुढे लव्हाळं, मागे गुलाबी पाणी, त्यात आकाशाचं उलटं चित्र. स्टुडिओत मोठा करून घेतला आणि धावत घरी आले.

आत्याने बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "यात गाडी कुठाय?"

"ती जाईपर्यंत थांबले ना! मागच्या वेळी मध्ये येऊन बसली होती."

आत्याने फोटो उशाशी ठेवला आणि भिंतीकडे वळली.

मी नंतर नीट बघितलं तर क्षितिज डावीकडे कललंय. तळं सांडेल असं वाटतं. तेच तिला खटकलं असेल. पुढच्या वेळी कठड्याच्या रेषेशी जुळवून घेईन.

१६ नोव्हेंबर

फोटो नाही. ढग.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. आत्या त्यांना तपासनीस म्हणते. त्यांनी पाय उचला म्हटलं, तर आत्या म्हणाली, "गाडी फुल आहे, मागून दुसरी येतेय." त्या हसल्या, पण जाताना दाराशी बाबांना हळूच म्हणाल्या की हा महिना असाच गेला तर मी येऊन उपयोग नाही.

बाबा मशीनवर बसले, पण पाय हलवेनात. आई म्हणाली, "तुम्ही रागवा की तिच्यावर." बाबा म्हणाले, "तिच्यावर? मी?" बाबांना शिवणकाम शिकायला तिनेच घातलं होतं.

मला पहिल्यांदा भीती वाटली. एखाद्या फोटोने माणूस उठतो असं मी कुठल्या पुस्तकात वाचलं? कुठल्याच नाही.

१९ नोव्हेंबर

आज तळ्यावर धुकं! पांढऱ्या कापसाखालून सूर्य तांबूस उगवत होता, झाडं नुसत्या सावल्या. कॅमेरा वाळूच्या पिशवीत घट्ट रुतवला. एवढं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

गाडी धुक्यातून हळूच आली, थांबली. ड्रायव्हरकाका म्हणाले, "तीस तारखेला माझी शेवटची फेरी. निवृत्त होतोय."

"मग पुढे काय करणार?"

"पुतण्या बोलावतोय त्याच्या गावी. बघू." थोडं थांबून म्हणाले, "मास्तरांना सांग... नको. काही सांगू नकोस."

पण मी आत्यापासून काही लपवत नाही. धुक्याचा फोटो दाखवता दाखवता तेही सांगून टाकलं. तिने तारीख तेवढी पुन्हा विचारली. फोटोसुद्धा नीट बघितला नाही. मी खट्टू होऊन शिकवणीला गेले.

परत आले तर काय! आत्या पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. कपाळावर घाम. तपासनीसबाईंना तिने स्वतः फोन करून बोलावलं होतं. त्या आकडे मोजत होत्या आणि आत्या दात आवळून पाय उचलत होती. "पुढे सरका, पुढे सरका," असं स्वतःलाच बजावत होती.

म्हणजे तिने तो फोटो मी गेल्यावर पाहिला असणार, निवांत! निसर्गात केवढी ताकद असते! धुक्याचा फोटो मी तिच्या समोरच्या भिंतीवर चिकटवला.

२२ नोव्हेंबर

वॉकर धरून दारापर्यंत. परत येताना रडली, पण आली. आईने तिच्या नकळत डोळे पुसले आणि मोठ्याने म्हणाली, "रोज एवढं चाललात तर स्वयंपाकघरात येऊन माझ्या पोळपाटाजवळ गर्दी कराल." आत्या म्हणाली, "सुट्टे द्या आधी."

संध्याकाळी तिने ट्रंकेतून खाकी कोट काढायला लावला. घालून बघितला, तर खांद्यावरून ओघळतोय. बाबांनी टेप लावली. "बाजूंनी आत घेऊ?"

"घे. आणि बटणं घासून दे."

"कशाला गं ताई, कुठे निघालीस?"

"थंडी आहे," आत्या म्हणाली. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला त्यात उडवण्यासारखं काही दिसलं नाही. थंडी आहेच.

२४ नोव्हेंबर

आज मोठा धडा मिळाला. सगळा लिहून ठेवते.

मी विचारलं, "आत्या, तुझ्या वेळी वळणावरचा सूर्योदय कसा दिसायचा? यातल्या कुठल्या फोटोसारखा?"

"मला काय माहीत? माझी पाठ असायची."

"म्हणजे?"

"अगं, गाडीचं तोंड सूर्याकडे. आणि माझं तोंड माणसांकडे. कारखान्याची सगळी पाळी मागच्या थांब्यावर चढायची. तिकिटं मी देणार की सूर्य?"

"इतकी वर्षं? एकदाही नाही पाहिलास?"

"सूर्य नाही, उजेड पाहिला." ती वॉकरच्या दांडीवर बोटं फिरवत होती. "सगळे झोपाळू, तोंडं सुजलेली. कुणी भांडून आलेलं, कुणी उपाशी. गाडी वळणावर थांबली की पुढच्या काचेतून ऊन यायचं आणि एकेक रांग उजळत मागे जायची. अर्धा मिनिट सगळी माणसं अशी चांगली दिसायची म्हणून सांगू! शेवटच्या बाकावरचा म्हातारासुद्धा नवरदेव वाटायचा. मग मी बेल द्यायची. सूर्य वर चढला की परत जो तो आपला."

"आणि तेवढ्यासाठी गाडी थांबायची?"

"इंजिन तापायचं," आत्या म्हणाली. जरा वेळाने, "आणि पुढे वळून बघितलं तर वर आरसा आहे, ड्रायव्हरचा." एवढं बोलून तिने पाणी मागितलं.

इतके दिवस मी जे आणत होते ते तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. जे पाहिलं होतं, ते मी फ्रेममधून घालवायची वाट बघत होते. केवढी माझी हुशारी! पण आत्याबद्दल वाटणारा आदर आज आणखी वाढला. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि तरी सूर्योदय बघायचा, हे किती जणांना जमेल?

२७ नोव्हेंबर

आज गाडीच्या आत गेले. स्टुडिओवाले काका म्हणाले होते, आत उजेड कमी असेल, आयएसओ वाढव, फोटो जरा खसखशीसारखा दाणेदार येईल, येऊ दे. पण उभ्या गाडीतही इंजिन थरथरतं आणि सगळ्यांची तोंडं पुसट येतात. म्हणून ड्रायव्हरकाकांना इंजिन बंद करायला सांगितलं.

"करतो. तसंही तापलंय."

"रोज तापतं," कंडक्टर म्हणाली. "आगारात दाखवत का नाही?"

"तीस तारखेनंतर नाही तापायचं," काका म्हणाले.

मी समोर, काचेला पाठ लावून उभी राहिले, आत्या उभी राहायची तशी. ऊन आलं. आत्या म्हणाली ते अक्षरशः खरं आहे. रांगेमागून रांग. जांभई देणारा एक जण तसाच उघड्या तोंडाने सोन्याचा झाला. मी रडत फोटो काढले.

मग वळून एक पुढचाही काढला, सहज. घरी आत्याने माणसांचे फोटो प्रेमाने बघितले, ओळखीच्यांना नावं ठेवली. पण थांबली ती त्या पुढच्या फोटोवर. "हा आरसा मोठा कर." मी मोठा केला. "अजून." आरशात काकांचे डोळे आले होते.

"केस पिकलेत," ती म्हणाली. बराच वेळ तिने कॅमेरा दिला नाही. एवढ्या स्वस्त लेन्सने इतकं रेखीव टिपलं, याचं मलाही नवल वाटत होतं.

३० नोव्हेंबर

आत्या गेली! म्हणजे गाडीने गेली. मी काय लिहिते आहे!

बाबा आणि मी तिला रिक्षाने आगारात घेऊन गेलो. खाकी कोट, घासलेली बटणं, हातात काठी. गाडीच्या पायऱ्या उंच. मी हात पुढे केला तर म्हणाली, "दारात गर्दी करू नका." स्वतःच चढली. प्रत्येक पायरीला थांबत, कण्हत, पण स्वतः.

काका मागे वळून बघत होते. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "मास्तर, उशीर केलात."

"तुम्हीच लवकर आलात," आत्या म्हणाली.

वळण आलं. गाडी थांबली, इंजिन बंद झालं. कंडक्टर मुलीने एकदा काकांकडे बघितलं, एकदा आत्याकडे, आणि बेलची दोरी आत्याच्या हातात दिली. त्या मुलीला मी फटकळ समजत होते.

आत्या दांडा धरून उभी राहिली, माणसांकडे तोंड करून. ऊन आलं, तोंडं उजळत गेली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मास्तरीणबाई, तिकीट!" सगळे हसले. मी फोटो काढत होते.

मग आत्या वळली. पूर्ण, सूर्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कोटाची बटणं लखलखली, तिचं तोंड तांबूस झालं. तिची नजर आधी सूर्यावर होती, मग वर आरशात. हा फोटो मला मिळाला. बाबांची वाळूची पिशवी ड्रायव्हरच्या मागच्या कठड्यावर ठेवून काढला. आत्या, आरसा, आरशातले डोळे, आणि काचेपलीकडे तळं.

सूर्य चांगला वर आला तरी बेल नाही. दोरी हातात तशीच. कारखान्याचा एक जण म्हणाला, "पाळी चुकणार आज." शेजारच्याने त्याला कोपर मारलं. मी आत्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आत्या, बेल द्यायची राहिली."

"राहू दे," ती म्हणाली.

सवय मोडली की असं होतं. शेवटी तिने दोरी ओढली, टिंगटिंग, आणि काकांनी इंजिन सुरू केलं. ते लगेच सुरू झालं. म्हणजे तापण्याचा दोष खरंच दुरुस्त झालेला असावा.

३ डिसेंबर

आज नवा ड्रायव्हर होता. वळणावर थांबला नाही. मला फक्त मागचा लाल दिवा मिळाला.

संध्याकाळी काका घरी आले, "फोटो बघायला." इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. आत्या दोन तास आधीपासून खुर्चीत बसून होती. दुसरी खुर्ची तिने मला समोर नाही, शेजारी ठेवायला लावली. मी तीस तारखेचा मोठा केलेला फोटो टेबलावर ठेवला.

दोघं तळ्यातल्या बगळ्यांबद्दल बोलले. मग एका जुन्या तपासनिसाबद्दल, जो कुणालाच आवडत नव्हता. मग काहीच बोलले नाहीत, पण त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं. अंधार पडला तसे काका उठले. "निघतो. पुतण्याला कळवायचंय, येतो की नाही ते."

आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी डबल बेल दिली का?"

काका उभे राहिले, माझ्या मते बराच वेळ. आणि मग खाली बसले.

बाबा दारातून म्हणाले, "पोरी, बाहेर ये. चहा टाक."

"आत्ताच तर झाला."

"परत टाक."

दुसरा चहा घेऊन गेले तेव्हा काकांचा पहिला कप त्या फोटोवरच ठेवलेला होता. आल्यापासून त्यांनी त्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. मी कप उचलून फोटो पुसला. फोटोत काचेपलीकडचं आकाश जरा जास्तच पांढरं आलंय, मान्य आहे. तेच त्यांना आवडलं नसेल.

पुन्हा काढायला हवा. आत्याला विचारलं, उद्या पहाटे वळणापर्यंत येशील का? ती म्हणाली, "दोन तिकिटं काढ."